एअरबॅगच्या जागी काळी टेप

पुण्यातल्या एका डीलरकडून घेतलेल्या सेकंडहँड गाडीचा हॉर्न मधेच वाजेनासा झाला. स्टीअरिंग वळवलं की आतून करकर. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने ऐकूनच सांगितलं, क्लॉक स्प्रिंग गेलंय. म्हणजे स्टीअरिंग फिरताना हॉर्नची नि एअरबॅगची वायर तुटू नये म्हणून आत गुंडाळून बसवलेली चपटी केबल. ती बदलायला एअरबॅग उतरवावी लागते. त्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चहा सांगितला. सिस्टिममधला उरलेला चार्ज उतरेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्याची शिस्त. मग स्क्रू सोडून कव्हर हातात घेतलं आणि म्हणाला, "दादा, हे हलकं लागतंय."

आत काहीच नव्हतं. ना घडी घातलेली पिशवी, ना ती फुगवणारा डबा. कव्हरची फाटायची रेघ मागून इपॉक्सीने बुजवलेली, आणि पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना काळ्या टेपखाली एक चिमुकला रेझिस्टर. एअरबॅगच्या इग्नायटरचा, म्हणजे ती पेटवून फुगवणाऱ्या भागाचा रोध साधारण दोनेक ओहम असतो. तेवढाच रेझिस्टर जोडला की एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल युनिटला सगळं ठीक वाटतं आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझतो. काही रुपयांचं काम! एकदा फुटलेली एअरबॅग पुन्हा घडी घालून बसवता येत नाही, नवी टाकायला हजारो रुपये जातात. तेवढे वाचवून डीलरने मला 'नॉन-ॲक्सिडेंटल' असं लिहून दिलं होतं.

फोन केला तर आधी "आम्हालाच माहीत नव्हतं", मग "भंगारातली ओरिजिनल आणून देतो, घरीच बसवा, दोन स्क्रूंचं तर काम आहे." इलेक्ट्रिशियन भडकलाच. न फुटलेली एअरबॅग म्हणजे स्फोटक. डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. साधं मल्टिमीटर लावून तपासायला गेलात तरी उडू शकते. त्यात ती भंगारातली, म्हणजे कुठल्या पुरात भिजून आली कोण जाणे.

गाडी बघताना चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो बंद केलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. पण रेझिस्टर या तपासणीतून सहीसलामत सुटतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. चॅसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या कामांची नोंद काढा, विम्याचे जुने क्लेम विचारा, स्कॅनर लावून कंट्रोल युनिटमध्ये अपघाताची नोंद आहे का बघा. सीटबेल्ट ओढून बघा. अपघातात प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग, उडाला असेल तर पट्टा बऱ्याचदा अडकतो. डीलर "कशाला एवढं?" म्हणाला तर सरळ उठा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. 2019च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे कळल्यावर डीलर पैसे परत द्यायला तयार झालाय. अट एकच, कागदावर एअरबॅगचा उल्लेख नको. मी सही केलेली नाही.