नव्वदीतल्या इमो रेकॉर्ड्सचा 'लॉट' ऑफर झाला तर आधी हे वाचा

नव्वदच्या दशकातल्या इमो (हार्डकोर पंकमधून निघालेलं भावनिक संगीत) रेकॉर्ड्सचा लॉट, म्हणजे एकगठ्ठा माल, घ्यायला गेले, माल आलाच नाही आणि १,२१८ डॉलर गेले. ६४० ॲडव्हान्स, ५४० पार्सलवरच्या लेबलचा फोटो आल्यावर आणि ३८ शिपिंगचे. रुपयांत लाखाच्या वर. नवऱ्याला सांगायची हिंमत व्हायला बरेच दिवस गेले, आईला तर अजून सांगितलेलंच नाही, कारण "जुन्या तबकड्यांना एवढे पैसे?" हाच पहिला प्रश्न येणार आणि चोर राहील बाजूला. तरी इथे लिहितेय कारण तो विकणारा माणूस (बाई असेल, टोळी असेल, मला काय माहीत) अजून बाजारात आहे आणि अमेरिकेत राहून रेकॉर्ड्स जमवणारे आपले मराठी लोक मला वाटायचं त्यापेक्षा बरेच आहेत.

आणि हो, ॲडव्हान्स घ्यायचा, ट्रॅकिंग नंबर द्यायचा, गायब व्हायचं, हे सगळं मलाही माहीत होतं. त्यामुळे "एवढी शिकलेली असून" वाल्या कमेंट्स कृपया करू नका, त्या घरात ऐकून झाल्यात.

मी एमएसला इलिनॉयमधल्या अर्बानाला होते. अमेरिकन फुटबॉल बँडच्या १९९९ च्या अल्बमच्या कव्हरवर जे पांढरं घर आहे ते तिथलंच, आणि तो अल्बम काढणारं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, पॉलीव्हिनाइल, तेही शेजारच्या शॅम्पेनचं. तिथून मला हे वेड लागलं आणि मग मी मागे मागे जात राहिले, कॅप'न जॅझ, इंडियन समर असे बँड, एबुलिशन आणि ग्रॅव्हिटीसारखी छोटी लेबलं. हे सगळं घरांच्या तळघरात, चर्चच्या हॉलमध्ये वाजलेलं संगीत. बँड दोन-तीन वर्षं टिकायचे आणि कितीतरी बँडची एक-दोन गाणी फक्त कुठल्यातरी कॉम्पिलेशनवर (अनेक बँडची गाणी एकत्र असलेल्या रेकॉर्डवर) उरलीत, बाकी काही नाही. कॅप'न जॅझचं नशीब चांगलं, त्यांची इकडेतिकडे विखुरलेली गाणी जेड ट्री लेबलने १९९८ मध्ये दोन सीडींवर एकत्र केली. इंडियन समरचं काम न्यूमेरो लेबलने २०१९ मध्ये पुन्हा काढलं. पण बाकीच्यांचं कोण काढणार? टेप कुणाकडे, हक्क कुणाकडे, काही पत्ता नाही. काहीशे कॉपी छापलेल्या, कव्हर हाताने स्क्रीन प्रिंट केलेलं, आत झेरॉक्स केलेली पुस्तिका, एवढंच शिल्लक. म्हणून कॉम्प्स, म्हणजे ही कॉम्पिलेशन्स, जमवायच्या. बँडचे अल्बम कधीतरी पुन्हा निघतात, कॉम्प्स सहसा निघत नाहीत.

तर या माणसाने रेकॉर्ड विकणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये एक सेव्हन-इंच (सात इंची छोटी तबकडी) टाकली होती, १८ डॉलरला. मी घेतली. पाच-सहा दिवसांत आली, रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून वेगळी ठेवलेली (म्हणजे प्रवासात कव्हरची शिवण फाटत नाही, जाणकारच असं पॅक करतो), दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, ग्रेडिंग व्हीजी प्लस, म्हणजे वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली, असं लिहिलेलं आणि खरोखर तेवढीच चांगली. हे १८ डॉलर म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं हे आता कळतं. पहिला व्यवहार चोख झाला म्हणून दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका, लहान व्यवहार त्यासाठीच चोख करतात.

मग त्याचा मेसेज आला की ओरेगनमध्ये त्याच्या ओळखीच्या एकाची नव्वदीतली डिस्ट्रो होती, म्हणजे गिग्समध्ये टेबल लावून आणि पोस्टाने रेकॉर्ड्स विकायचा, त्याचा उरलेला माल काढायचाय. ९ एलपी (मोठ्या तबकड्या) आणि २२ सेव्हन-इंच, सगळ्या कॉम्प्स. यादी पाठवली. त्यात एबुलिशनचं १९९१ चं 'गिव्ह मी बॅक' होतं, 'सम आयडियाज आर पॉइझनस' होतं. ही दोन काही फार दुर्मिळ नाहीत, शोधलं की मिळतात, पण खाली सेव्हन-इंचांची यादी बघून माझे हात थरथरले हे खरं. त्यातल्या काही मी वर्षानुवर्षं फक्त डिस्कॉग्सवर (रेकॉर्ड्सची यादी आणि खरेदी-विक्रीची साइट) बघितलेल्या, विक्रीला कधीच नाहीत. किंमत १,२२०.

माणूस बोलायला इतका तयार होता की काय सांगू. कुठलं कव्हर हाताने छापलं, कशात पुस्तिका होती आणि आता नाहीये, हे तो स्वतःहून सांगायचा. मी विचारलं की एकावरही बारकोड नाही ना, तर म्हणाला बारकोड असता तर हार्टअटॅक झीनने (हौशी लोकांनी काढलेलं छोटं मासिक) रिव्ह्यूच केला नसता. हे खरं आहे, बारकोडवाल्या रेकॉर्डचा रिव्ह्यू करायचा नाही हा त्या झीनचा नियमच होता. आता असं बोलणारा माणूस चोर असेल असं तुम्हाला वाटलं असतं का? मला नाही वाटलं. या सीनमध्ये लोक कागदात गुंडाळून रोख डॉलर पाकिटात घालायचे आणि कधी न बघितलेल्या माणसाला पोस्टाने पाठवायचे, आणि रेकॉर्ड यायची. सगळा कारभारच भरवशावर चालला. या माणसाने तोच भरवसा वापरला आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचा आहे, पैशापेक्षाही. माहिती कुणीही गोळा करू शकतं, जुने इंटरव्ह्यू आणि झीन स्कॅन करून टाकलेले आहेत. माहिती असणं आणि माल असणं वेगळं.

फोटो मागितले. आले. माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागितला, तोही आला, पण कागद बंद खोक्यावर ठेवलेला आणि वर फक्त एक रेकॉर्ड. प्रत्येक रेकॉर्डसोबत कागद हवा होता. प्रत्येक रेकॉर्डचा डेडवॅक्स, म्हणजे लेबलच्या कडेचा तो गुळगुळीत पट्टा जिथे नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो हवा होता. मी दोनच मागितले, कारण ३१ चे मागितले तर माणूस कंटाळून दुसऱ्याला विकेल ही भीती. आणि तोही अधूनमधून सांगतच होता की जर्मनीतला एकजण विचारतोय. ही घाई कुणी लावली की तिथेच थांबा.

पैसे कसे द्यायचे? तो म्हणाला, पेमेंट ॲपमध्ये मित्र-नातेवाईकांना पाठवायचा जो पर्याय असतो त्यातून पाठव, म्हणजे फी कापली जाणार नाही, तुला ४० डॉलर कमी करतो. १,१८० आणि वर ३८ शिपिंग. मी म्हटलं सगळे आधी देणार नाही, ६४० आता, बाकी पार्सल निघाल्यावर. तो लगेच हो म्हणाला. मला वाटलं मीच सावध आहे.

आता ते जे मला झोपू देत नाही ते सांगते. त्याने शिपिंग लेबलचा फोटो पाठवला. मी ऑफिसात, मीटिंगमध्ये, फोन टेबलाखाली. नंबर कॉपी केला, पोस्टाच्या साइटवर टाकला, 'स्वीकारलं' असं दिसलं. ॲपची त्या आठवड्याची लिमिट झाली म्हणून त्याने बँकेच्या इन्स्टंट ट्रान्सफरचा नंबर दिला होता, त्यावर उरलेले ५४० आणि ३८ तिथल्या तिथे पाठवले. त्या लेबलवर वरच्या कोपऱ्यात वजन छापलेलं होतं. पाच औंस. पाच! एका एलपीची नुसती तबकडीच तेवढी भरते. ९ एलपी, २२ सेव्हन-इंच, पुठ्ठे, खोकं, काही झालं तरी सात-आठ पौंड. आणि रेकॉर्ड्स इथे लोक पोस्टाच्या मीडिया मेल सेवेने पाठवतात कारण स्वस्त पडतं, या लेबलवर ते शब्दही नव्हते. फोटो अजून फोनमध्ये आहे, मी तो मोठा करून करून बघते आणि ते वजन अगदी स्पष्ट वाचता येतं. वाचायला दोन सेकंद लागली असती. पण सांगा, कोण वजन वाचतं? सगळे नंबरच बघतात ना? तोपर्यंत त्याचं सगळं बरोबर निघालं होतं, मी का शंका घ्यावी? तरीही ते ५७८ डॉलर माझ्या अंगठ्याखालून गेले हे विसरता येत नाही. लेबलवरचं वजन वाचा. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा.

चार दिवसांनी ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड'. माझ्या दारात काही नाही. शेजाऱ्यांना विचारलं, लीजिंग ऑफिसात विचारलं. तो म्हणाला पोस्टमनने चुकून दुसरीकडे टाकलं असेल, बघ जरा. मग उत्तरं यायची थांबली आणि मग अकाउंटच गेलं.

पोस्ट ऑफिसात गेले तेव्हा खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या स्क्रीनवर बघून सांगितलं की पार्सल याच झिपकोडमध्ये दिलंय पण तुमच्या पत्त्यावर नाही. म्हणजे त्याने माझ्याच गावातल्या दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर एक पाकीट पाठवलं होतं, ट्रॅकिंगवर गाव माझंच दिसावं म्हणून. मी म्हटलं हे लिहून द्या. नाही देता येत. तो पत्ता सांगा. प्रायव्हसी. निदान वजन लिहून द्या. सुपरवायझरशी बोला. सुपरवायझर जेवायला. नंतर गेले तर तो म्हणाला पाठवणाऱ्याने चौकशी मागितली पाहिजे. पाठवणारा चोर आहे हो, तो कशाला चौकशी मागेल?

पेमेंट ॲपवाल्यांनी तर चॅटमध्ये तीन वेळा माझं नाव घेऊन सहानुभूती दाखवली आणि सांगितलं की मित्राला पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नाही. ते अकाउंट बंद तरी करा म्हटलं, तर आम्ही दुसऱ्या ग्राहकाबद्दल बोलू शकत नाही. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केला, कुणी तुमचं अकाउंट हॅक केलेलं नाही, म्हणजे इथल्या कायद्याप्रमाणे हा 'अनधिकृत' व्यवहार नाही. कुणी माझा पासवर्ड चोरला असता तर पैसे परत, मला बोलून गंडवलं तर शून्य. हा कसला कायदा? पैसे ज्या अकाउंटला गेले ते त्यांच्या डोळ्यासमोर आहे, त्यामागे माणूस आहे, केवायसी आहे, आणि तरी हात वर.

आमच्या गावच्या पोलिसांनी रिपोर्ट घेतला, पण लिहून घेणारा ऑफिसर मला विचारतो की हे रेकॉर्ड्स म्हणजे नक्की काय, आणि एवढे पैसे कशाला. शेवटी म्हणाला हे सिव्हिल प्रकरण वाटतं, विक्रेत्याच्या राज्यात तक्रार करा. ओरेगनमध्ये फोन केला तर ते म्हणाले तुम्ही राहता तिथे करा. नुसती टोलवाटोलवी. केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रारीच्या साइटवर भलामोठा फॉर्म भरला, एक नंबर मिळाला, त्यानंतर एक शब्द नाही. तक्रार तरी करा, रिपोर्टचा नंबर असल्याशिवाय बँक पुढचं बोलतच नाही, पण पैसे परत येतील म्हणून करू नका. क्रेडिट कार्डने, खरेदी म्हणून पैसे दिले असते तर वाद घालायला निदान जागा होती. चाळीस डॉलर वाचवायला मी ती जागा सोडली. विक्रेता फी नको म्हणत असेल तर तुम्ही स्वतः ती फी भरा, पण खरेदी म्हणूनच पाठवा. तयार नसेल तर सोडा, कितीही दुर्मिळ असो.

नंतर मी त्याचे फोटो रिव्हर्स इमेज सर्चने, म्हणजे फोटोवरूनच नेटवर, शोधले, जे आधी करायला हवं होतं. सेव्हन-इंचांचे जवळपास सगळे फोटो दुसऱ्याच्या एका जुन्या, केव्हाच संपलेल्या विक्रीतले निघाले, कडा कापून टाकलेले. फोटोत मागे बोटं, टेबल, गालिचा दिसतो का बघा, आणि सगळ्या फोटोंत तोच गालिचा आहे का तेही बघा. माझ्या फोटोंत दोन वेगळ्या जमिनी होत्या.

आणि हे आत्ताचं, म्हणून घाईने लिहितेय. तोच लॉट परत लागलाय, दुसऱ्या नावाने, किंमत ९५०, यादीतल्या चार सेव्हन-इंच बदलल्यात, माल आता ओरेगनऐवजी ओहायोत असल्याचं सांगतात. फोटो तेच, दुधाचा निळा क्रेट, मागे तपकिरी गालिचा, पहिल्या एलपीच्या कव्हरचा खालचा उजवा कोपरा दुमडलेला. मी ग्रुपच्या ॲडमिनला कळवलंय, पोस्ट अजून तशीच आहे. तुम्हाला मेसेज आला तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट घ्या, अकाउंट नंबर मिळत असेल तर तेवढा मिळवा आणि मला पाठवा.