६००:६०० ओहमचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर : बोलण्याच्या आवाजाला चोख, ५० हर्ट्‌झला तोकडा

एका उपकरणातला एसी सिग्नल दुसऱ्यात न्यायचा, पण दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडायचे नाहीत, एवढ्या कामासाठी मी टेलिफोन लाइनकरिता बनणारा हा १:१ ट्रान्सफॉर्मर घेतला. ध्वनीसाठी आणि ५० हर्ट्‌झच्या मोजणीसाठी तो वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, वस्तू चांगली आहे, परंतु तिच्यावर छापलेला आकडा पाहून ती निवडणे चुकीचे आहे.

मल्टिमीटरने पाहिले तर एका वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) रोध ५८ ओहम आणि दुसऱ्याचा ६६ ओहम भरला. दोन्हीकडे वेढे सारखेच आहेत. बाहेरच्या वाइंडिंगचा प्रत्येक वेढा मोठा असल्यामुळे तिला तार जास्त लागते, इतकेच. ‘६०० ओहम’ हा वाइंडिंगचा रोध नव्हे, तर ज्या लोडसाठी, म्हणजे पुढे जोडलेल्या सर्किटच्या रोधासाठी, ट्रान्सफॉर्मर बनवला आहे तो लोड होय. ६०० ओहमचा लोड लावल्यास १ व्होल्टचे साधारण ०.८३ व्होल्ट मिळतात, तर १० किलोओहमच्या लोडवर घट नगण्य राहते. मोजणीसाठी वापरणाऱ्याने ही घट आधीच हिशेबात धरावी.

खरी कसोटी लागते ती खालच्या फ्रिक्वेन्सीला. कोअरमधील (वाइंडिंगच्या आतील चुंबकीय गाभ्यातील) फ्लक्स व्होल्टेजच्या सम प्रमाणात आणि फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, आणि कोअर तो ठराविक मर्यादेपर्यंतच पेलतो. त्यामुळे ५० हर्ट्‌झला ज्या कोअरला ०.५ व्होल्ट जेमतेम पेलतात, तोच ३०० हर्ट्‌झला ३ व्होल्टपर्यंत पेलतो. टेलिफोनवरील बोलणे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ या पट्ट्यात असते आणि त्या पट्ट्यात या ट्रान्सफॉर्मरबद्दल माझी काहीच तक्रार नाही: आवाज स्वच्छ आला, ग्राउंड लूपची (दोन उपकरणांचे ग्राउंड जोडले गेल्याने येणारी) गुणगुण गेली. मात्र ५० हर्ट्‌झचा १ व्होल्ट दिल्यावर ऑसिलोस्कोपवर साइन वेव्हचा आकार स्पष्टपणे बिघडलेला दिसला. सिग्नल देणाऱ्या सर्किटचा आउटपुट रोध कमी केल्यावर हा बिघाड घटला, पण पूर्ण गेला नाही. म्हणून निवडताना प्रथम दोन प्रश्न विचारावेत: आपली सर्वांत कमी फ्रिक्वेन्सी कोणती, आणि तिथे जास्तीत जास्त व्होल्टेज किती?

डीसीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर ५० मिलिव्होल्ट डीसी होता आणि तो मी क्षुल्लक मानला; परंतु ५८ ओहमच्या वाइंडिंगमधून त्याने जवळजवळ १ मिलिअँपिअरचा सतत प्रवाह वाहतो, आणि एवढ्या लहान कोअरला तोही एका बाजूला झुकवायला पुरतो. मालिकेत कपॅसिटर घालताच वेव्हचे दोन्ही अर्धे सारखे दिसू लागले.

वाइंडिंगांमधील कपॅसिटन्सकडेही लक्ष द्यावे; जवळजवळ असलेल्या दोन वाइंडिंग मिळून एका छोट्या कपॅसिटरसारख्या वागतात. १०० पिकोफॅरड ऐकायला फार वाटत नाही, पण १ मेगाहर्ट्‌झला तो सुमारे १.६ किलोओहमची वाट ठरतो आणि स्विचिंग सप्लायचा गोंगाट त्यातून पलीकडे जातो. असा गोंगाट असेल तर दोन वाइंडिंगांमध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक शील्ड (ग्राउंडला जोडलेला धातूचा पडदा) असलेलाच नमुना घ्यावा. शेजारच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमुळे येणारी गुणगुण ही वेगळी गोष्ट आहे. मी हा तुकडा जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहिला, तेव्हा एका विशिष्ट कोनात ती जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे सोल्डर करण्याआधी एवढी पाच मिनिटे अवश्य द्यावीत.

मल्टिमीटरने दोन वाइंडिंगांमध्ये अनंत रोध दाखवला म्हणजे इन्सुलेशन सुरक्षित आहे, असे कोणीही समजू नये. इन्सुलेशनची १५०० व्होल्टची चाचणी हीदेखील थोड्या वेळापुरती असते. ते रोजचे कामाचे व्होल्टेज नव्हे. घरगुती वीजपुरवठ्याला जोडलेल्या बाजूसाठी सुरक्षेचे प्रमाणन असलेला ट्रान्सफॉर्मरच हवा, आणि माझ्याकडील नमुन्यावर तसे कोणतेही चिन्ह नाही. माझ्या ध्वनीच्या जोडणीत तो कायम राहील. ५० हर्ट्‌झच्या मोजणीसाठी मात्र मी मोठ्या कोअरचा, त्याच फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर बसवला आहे.