पंप चाखण्यापासून ओढण्यापर्यंत : पीक फ्लो मीटर आणि स्पेसरचे आठ महिने

मी एसटीत कंडक्टर आहे. कऱ्हाड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. दमा लहानपणी होता, मग म्हणे गेला, आणि चाळिशीत परत आला. गेली सात वर्षं खिशात निळा, म्हणजे तात्पुरता आराम देणारा पंप. धाप लागली की तोंडात दोन फवारे मारायचे आणि पुन्हा "पुढे सरका". गेल्या ऑगस्टात पावसानं छाती अशी धरली की दोन रात्री उशीला टेकून बसून काढल्या. मग छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आधी पंप माझ्याच हातात दिला. म्हणाल्या, "घेऊन दाखवा." मी घेतला, तर निम्मा धूर तोंडातून बाहेर येऊन त्यांच्या टेबलावर. "सात वर्षं तुम्ही हे औषध घेत नव्हता," त्या म्हणाल्या, "चाखत होता."

त्या दिवशी रोजचा सुजेवरचा पंप सुरू झाला आणि दोन वस्तू विकत घेतल्या : स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचा प्लॅस्टिकचा पोकळ नळकांडा) आणि पीक फ्लो मीटर. दोन्ही मिळून हजाराच्या आसपास गेले. आज एप्रिलात आठ महिने झाले, म्हणून लिहितोय.

मीटर म्हणजे वीतभर प्लॅस्टिकची नळी, वर ६० ते ८०० आकडे, आणि फुंकर मारली की पुढे सरकणारा लाल काटा. सेल नाही, चार्जिंग नाही. काटा तळाला आणायचा, उभं राहायचं, छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकायचं. लांब नव्हे, जोरात. असं तीनदा, आणि त्यातला मोठा आकडा वहीत. मिनिटाला किती लिटरच्या वेगानं हवा बाहेर पडते ते कळतं. दवाखान्यात माझा आकडा आला ३१०. मला वाटलं, चांगला असेल. कारण मला तेव्हा काही फार त्रास होत नव्हता.

रोजचा पंप नीट घ्यायला लागल्यावर तीन आठवड्यांत तोच काटा ४८० वर गेला. तो माझा सर्वांत चांगला आकडा धरला. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३८४ च्या वर हिरवं, ५० टक्के म्हणजे २४० च्या खाली लाल, मधलं पिवळं. माझ्या मीटरवर खुणेचे सरकते चाप नाहीत, म्हणून बायकोनं तिच्या टिकल्या चिकटवल्या, ३८४ ला हिरवी आणि २४० ला लाल. हिरवी दोनदा पडली, लाल अजून आहे. सांगायचं ते हे की ३१० म्हणजे मी मधोमध पिवळ्यात होतो आणि वर्षानुवर्षं त्यालाच "बरं आहे" म्हणत होतो. धाप माणसाच्या अंगवळणी पडते. जिन्यात थांबायला लागलं की आपण वयाला बोल लावतो.

वही मी जुन्या डायरीत ठेवतो. सकाळी पंपाच्या आधी एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळचा आकडा नेहमी थोडा कमी, दम्यात पहाट वाईटच. पण दोन्हींत फार फरक पडायला लागला तर तीही खूण असते. दिवाळीच्या आधी सलग दोन दिवस ४५० चे ३७० झाले. सर्दी नाही, खोकला नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं. मॅडमनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे पंप वाढवला (किती, ते इथे लिहीत नाही, ज्याचा त्याचा कागद वेगळा) आणि कैक वर्षांत पहिल्यांदा दिवाळी दवाखान्याविना गेली. फटाक्यांच्या संध्याकाळी खिडक्या लावून घरात बसलो, हे मात्र मान्य.

आता जे चुकलं ते. जानेवारीत पहाटेच्या गाडीला उशीर झाला म्हणून मीटर फुंकलं नाही. बरं वाटत होतं ना! मल्हारपेठ सोडलं तर दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं, आणि थंडीत तो धूर रस्त्यावरच बसलेला. मागच्या खिडक्या कोणी लावायला तयार नाही. पाटण यायच्या आत मला "सुट्टे द्या" एका श्वासात म्हणता येईना. गाडी स्टँडला लागल्यावर बॅगेतून स्पेसर काढला. एक दाब, त्यातून सावकाश पाच श्वास. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. असे चार. पहिल्या बाकावरच्या आजी शेजारणीला सांगावं तशा म्हणाल्या, "त्येला दूध पाजायची बाटली हाय जनू." मीटर फुंकलं तर २९०. वीस मिनिटांनी ३६०. कागदावर लिहिलंय की २४० च्या खाली गेलं, किंवा बोलता येईना, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. तेवढं झालं नाही. पण आमच्या ड्रायव्हरदादांनी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली होती, आकडा बघितल्याशिवाय लावायला तयार नव्हते. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आलो. वहीत त्या सकाळची जागा कोरी आहे, ती मॅडमनी बरोबर हेरली.

स्पेसरबद्दल. लाज वाटते, हे खरं कारण आहे तो न वापरण्याचं. शिवाय तो खिशात मावत नाही. मी तिकीट मशीनच्या बॅगेत ठेवत होतो, तर चिल्लर आणि धूळ आत जायला लागली. आता झाकणाच्या डब्यात असतो. आठवड्याला भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. एकदा पोरानं हौसेनं फडक्यानं लख्ख पुसला. तसं करायचं नसतं, घासल्यानं प्लॅस्टिकला वीज येते आणि औषध छातीत जायच्याऐवजी भिंतीलाच चिकटतं. पंप आधी हलवायचा आणि एका वेळी एकच दाब, हेही मला सात वर्षांनी कळलं.

रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. मी सुरुवातीला गाडीत कुठली चूळ म्हणून टाळलं, तर महिन्यात जिभेवर पांढरे डाग आणि आवाज बसलेला. कंडक्टरचा आवाज बसला तर राहिलं काय? आता पंप घरीच, दात घासायच्या आधी घेतो.

"पंपाची सवय लागते" हे आमच्या डेपोत अजून रोज ऐकतो. माझ्या रोजच्या पंपात स्टेरॉइडच आहे, पण एका दाबात फक्त २०० मायक्रोग्रॅम. पूर्वी दर हिवाळ्यात एका ठिकाणी मला पुडीतून ज्या बारीक पांढऱ्या गोळ्या मिळायच्या, त्या स्टेरॉइडच्या होत्या हे मागाहून कळलं. पाच मिलिग्रॅमची तशी एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, तीही सगळ्या अंगभर. त्या गोळीला कोणी नावं ठेवली नाहीत, कारण ती पाण्याबरोबर गिळता येते. उलट नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढू नका, असं ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेनं २०१९ मध्येच सांगितलंय. माझा २०० दाबांचा निळा पंप पूर्वी दीड महिन्यात संपायचा. ऑगस्टात घेतलेला अजून चालू आहे.

मीटरचे दोष आहेत. माहितीचा कागद मराठीत नाही. आकड्यांची शाई अंगठ्याखाली पुसट होतेय. काटा तळाला आणायला विसरलं तर मागचाच आकडा वाचला जातो. आणि फसवता येतं : थुंकल्यासारखी जिभेनं फुर्र केली की काटा उगाच वर जातो. फसवतो आपणच आपल्याला, पण रजा मागायची नसली की मोह होतो.

कोजागिरीला आईनं गावच्या प्रथेप्रमाणे चांदण्यातली दम्याची खीर दिली. खाल्ली. पंपही घेतला. मग गच्चीवर मीटरची स्पर्धा लागली (एकमेकांचं तोंड लावलेलं फुंकू नये, आम्ही पुसून पुसून फुंकलं, तेही बरोबर नाही). पुतण्या ६०० वर. सासरे, म्हणजे आमचे मामा, १९० वर अडकले. मामा चाळीस वर्षं बिडी ओढतात. "दूध गरम होतं," म्हणाले. नोव्हेंबरात त्यांना घेऊन गेलो, मोठ्या मशीनवर तपासणी झाली, आता त्यांचाही पंप चालू आहे आणि मीटर वेगळं घेतलंय. मी त्यांच्या मीटरवर फुंकून बघितलं तर ४४०, लगेच माझ्यावर ४७०. म्हणजे मीटर बदललं की आकडा बदलतो. आपलं एकच धरून ठेवायचं. मामांना हे कळल्यापासून ते सगळ्यांना सांगतात की त्यांचं मीटरच कमी दाखवतं. तीसनं दाखवतं, ते खरं आहे. बाकीचं बिडीचं.