वाड्यांच्या ओळीत दुकानं: शटर की खणाचा गाळा?

पैठण किंवा अंबाजोगाईच्या जुन्या भागात एकाला एक लागून वाडे दिसतात. मधली भिंत सामाईक, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. तिथं दुकानं काढायला दोन वाटा आहेत.

पहिली सर्रास दिसते: दर्शनी भिंत फोडा, लोखंडी गर्डर टाका, शटर लावा. माल रस्त्यावरून दिसतो, भाडंही चटकन ठरतं. पण माळवदाचं वजन थोडंथोडकं नसतं. लाकडी तुळया-फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. एखादा खांब हलवला की सामाईक भिंतीला तडा जाऊ शकतो, मग शेजाऱ्याशी कायमचं वाकडं. वरून चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि पायथ्याला पोपडे सुटतात.

दुसरी वाट म्हणजे खांब जागच्या जागी ठेवून खणागणिक, म्हणजे दोन खांबांमधल्या प्रत्येक जागेत, एकेक गाळा. देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, माल, ओट्यावर गिऱ्हाईक, चौकातून उजेड. भर मे महिन्यातही आत गारवा. गाळा अरुंद राहतो, त्यामुळे फर्निचरवाल्यानं इकडे फिरकू नये. कापड, पुस्तकं, चहा मजेत चालतं.

लातूरच्या गंजगोलाई या गोलाकार बाजारपेठेचा दाखला इथं लागू नाही. ती मुळात बाजारासाठीच आखलेली.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. फक्त मिरगाआधी माळवदावर माती टाकायची तयारी हवी, आणि ते काम जाणणारा माणूसही.