सेमीकंडक्टरसाठी नवी पदवी काढावी, की आहे त्या पदवीला मायनर जोडावी?

एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेने २०२३ मध्ये व्हीएलएसआय (चिपची आखणी) डिझाइन अँड टेक्नॉलॉजी या विषयातील बी.टेक. आणि आयसी (चिप) मॅन्युफॅक्चरिंग या विषयातील पदविका यांचे आदर्श अभ्यासक्रम जाहीर केले, तेव्हापासून अनेक स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्या परिषदांपुढे हा विषय येऊ लागला आहे. ६० जागांची स्वतंत्र पदवी काढावी, चालू शाखांच्या विद्यार्थ्यांना मायनर, म्हणजे मुख्य पदवीला जोडलेली दुय्यम पदवी द्यावी, की संस्थेचे स्वतःचे तंत्रनिकेतन असेल तर पदविकेपासून सुरुवात करावी? या तिन्ही पर्यायांचे प्रस्ताव लिहिण्याची आणि त्यांपैकी मायनर पदवी प्रत्यक्ष चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. माझा कौल मायनरकडेच आहे, मात्र एका अटीवर: विद्यार्थ्याने आखलेली चिप फाउंड्रीतून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, तयार होऊन परत आली पाहिजे आणि ती त्याच विद्यार्थ्याच्या हातून तपासली गेली पाहिजे.

स्वतंत्र पदवीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र, अॅनालॉग परिपथ, डिजिटल आखणी, व्हेरिफिकेशन आणि फिजिकल डिझाइन हे विषय एकापाठोपाठ, पुरेसा अवकाश देऊन शिकवता येतात. मायनरमध्ये ते दाटीवाटीने बसवावे लागतात. अडचण अध्यापकांची आहे. २० विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हा निकष धरला, तर ६० जागांच्या चार वर्षांच्या २४० विद्यार्थ्यांसाठी १२ अध्यापक लागतात. त्यांतले काही गणित आणि भौतिकशास्त्राचे मानले, तरी उरलेल्यांपैकी निदान तिघा-चौघांनी स्वतः कधीतरी एखादी चिप टेपआउटपर्यंत, म्हणजे अंतिम आराखडा फाउंड्रीकडे पाठवण्यापर्यंत, नेलेली असावी, अशी अपेक्षा गैर नाही. ज्यांच्याकडे तो अनुभव आहे, त्यांना पुणे-बंगळुरूच्या डिझाइन केंद्रांत मिळणारा पगार महाविद्यालय देऊ शकत नाही. मग ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) विभागातील तीच माणसे दोन विभागांच्या वेळापत्रकांत दिसू लागतात आणि नवी पदवी ही जुन्या पदवीची नवी पाटी ठरते.

शिवाय कारखान्याच्या घोषणेवर प्रवेशक्षमता ठरवण्याचा मोह टाळावा लागतो. वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावरून २०२२ मध्ये आपल्याकडे किती वादंग माजले, हे सर्वांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. पदवीची तुकडी एकदा प्रवेश घेऊन बसली, की तिला चार वर्षे पार पाडावे लागते. मायनर पदवी एका वर्षात थांबवता किंवा वाढवता येते.

मायनर पदवी साधारण १८ ते २० जादा श्रेयांकांची असते. तिचा खरा लाभ ईअँडटीसीपेक्षा केमिकल, मेकॅनिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्यांना होतो, हे आम्हाला उशिरा उमगले. चिपच्या कारखान्यात एचिंग, डिपॉझिशन, विषारी वायूंच्या वाहिन्या, अतिशुद्ध पाणी, निर्वात पंप आणि प्रक्रियेवरचे सांख्यिकी नियंत्रण ही कामे मुख्यतः याच शाखांच्या अभियंत्यांची आहेत. मायनरचे दुखणेही सांगितले पाहिजे. तिचे तास शनिवारी किंवा पाचनंतर घ्यावे लागतात, आणि सहाव्या सत्रात प्लेसमेंटची तयारी सुरू झाली की हजेरीपट विरळ होतो. आमच्याकडे गळती थांबली ती नियमांमुळे नव्हे, टेपआउटची तारीख ठरल्यामुळे.

ही तारीख महाविद्यालयाच्या हातात नसते, आणि व्यवस्थापनाची खरी कसोटी तिथेच लागते. अनेक संस्थांच्या चिप एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) सामावून घेणारी निर्मितीची फेरी, म्हणजे शटल, फाउंड्रीच्या सोयीने निघते, तर प्रकल्पाचे वर्ष जुलैपासून मोजले जाते. आमच्या पहिल्या खेपेत चौघांनी अंतिम वर्षात एक छोटा अॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर आखला आणि फेब्रुवारीत फाइल पाठवली. चिप परत आल्या, तेव्हा चौघेही पदवी घेऊन गेले होते. गुलाबी अँटिस्टॅटिक फोमवर खोचलेल्या सिरॅमिकच्या दहा चिप कपाटात पूर्ण सत्रभर पडून राहिल्या, कारण चाचणीचा बोर्ड कोणी केलाच नव्हता आणि पिनांचा अंतिम आराखडा त्या चौघांतल्या एकाच्या लॅपटॉपबरोबर बंगळुरूला गेला होता. चूक विद्यार्थ्यांची नव्हती, माझ्या नियोजनाची होती. आता आखणी पाचव्या सत्रात सुरू होते, चाचणीचा बोर्ड टेपआउटच्या आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक गटात एक विद्यार्थी एक वर्ष मागचा असतो. आदर्श अभ्यासक्रमाच्या सत्रनिहाय तक्त्यात शटलची वाट पाहण्याला जागा नाही. स्वतंत्र पदवी काढणाऱ्यांनी ती पहिल्या दिवशीच करून ठेवावी.

साधनांच्या बाबतीत पूर्वीपेक्षा परिस्थिती पुष्कळ बरी आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या चिप-आखणीसाठीच्या विशेष मनुष्यबळ विकास कार्यक्रमाचा वारसा आज केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप या योजनेकडे आला असून, पाच वर्षांत ८५,००० अभियंते घडवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. सहभागी संस्थांना व्यावसायिक ईडीए साधने (चिप आखण्याची सॉफ्टवेअर) सी-डॅक बंगळुरूच्या चिपइन केंद्रामार्फत वापरता येतात, आणि विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर तयार करून घेण्याची सोय आहे. १८० नॅनोमीटर म्हणजे जुनाट, अशी नाके मुरडण्याचे कारण नाही; सेन्सर, पॉवर आणि अॅनालॉग परिपथ शिकण्यासाठी हे तंत्र उत्तम आहे. योजनेबाहेरच्या संस्थांसाठी मुक्त साधनांचा मार्ग उरतो. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिम हे परिपथ आखण्याचे सॉफ्टवेअर आणि २०२० मध्ये खुले झालेले स्कायवॉटर या फाउंड्रीचे १३० नॅनोमीटर पीडीके (फाउंड्रीच्या तंत्रासाठीचा आखणी-संच) यांवर कोणताही गोपनीयतेचा करार न करता शिकवता येते. मात्र त्या पीडीकेवरच्या शटल चालवणारी ईफॅबलेस ही कंपनी २०२५ मध्ये बंद पडली आणि तिच्यावर विसंबलेल्या अनेकांना ऐनवेळी दुसरा कारखाना शोधावा लागला. शिकवण्यासाठी मुक्त साधने जरूर घ्यावीत, पण टेपआउटसाठी एकाच दारावर अवलंबून राहू नये.

स्वतःची क्लीनरूम, म्हणजे चिप बनवण्यासाठीची धूळमुक्त प्रयोगशाळा, उभारण्याचा आग्रह व्यवस्थापन मंडळाकडून हमखास येतो, कारण तिचे छायाचित्र माहितीपुस्तिकेत शोभून दिसते. यंत्रे एकदाच घ्यावी लागतात. वातानुकूलन, नायट्रोजन, डीआय (आयनमुक्त) पाणी, हेपा फिल्टर आणि आम्लांची विल्हेवाट यांचा खर्च मात्र बारमाही असतो, विद्यार्थी सुट्टीवर असले तरी. त्याऐवजी आयआयटी मुंबई, आयआयएससी यांसारख्या संस्थांच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा इतर संस्थांना खुल्या करणाऱ्या आयएनयूपी कार्यक्रमाचा लाभ घेणे मला शहाणपणाचे वाटते. अशा एका कार्यशाळेत आमच्या केमिकलच्या मुलीने पिवळ्या प्रकाशात वेफरवर फोटोरेझिस्ट हा प्रकाशसंवेदी लेप फिरवून घेतला, तेव्हा कडेला एक बारीक धूमकेतूसारखी रेघ उमटली. धुळीचा एक कण, आणि पूर्ण वेफर पुन्हा धुवायचा! ‘यील्ड’ (एकूण चिपपैकी निर्दोष निघालेल्यांचे प्रमाण) या शब्दावर मी घेतलेल्या दोन तासांपेक्षा ती रेघ जास्त शिकवून गेली.

पदविकेचा पर्याय मात्र आपल्याकडे अकारण दुय्यम मानला जातो. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प आणि आसाममधील जागीरोड येथील टाटांचा प्रकल्प हे असेंब्ली आणि टेस्टचे आहेत, आणि तेथे यंत्रावर पाळी सांभाळणारा तंत्रज्ञ लागतो. तंत्रनिकेतन असलेल्या संस्थेने पदविका काढायला हरकत नाही, पण मुलांना आणि पालकांना हे स्पष्ट सांगावे की नोकरी बहुधा राज्याबाहेर, रात्रपाळीसह आणि बनी सूट (अंगभर झाकणारा क्लीनरूमचा पोशाख) घालून उभ्याने करण्याची असेल.

ज्यांच्याकडे टेपआउटचा अनुभव असलेले चार अध्यापक आणि चिप्स टू स्टार्टअप योजनेतला सहभाग या दोन्ही गोष्टी आधीच आहेत, त्यांनी स्वतंत्र पदवी जरूर काढावी. असा एक किंवा दोनच अध्यापक असतील, तर सर्व शाखांना खुली असलेली ३० जागांची मायनर पदवी तीन वर्षे चालवून पाहावी. दोन्ही प्रस्तावांच्या अंदाजपत्रकात चाचणी बोर्ड, सॉकेट आणि मोजमापाच्या उपकरणांसाठी स्वतंत्र तरतूद दाखवावी. खर्चाला कात्री लागते तेव्हा ती आधी याच रकमेला लागते, म्हणून विद्या परिषदेच्या ठरावातच तिचा उल्लेख करून घ्यावा.