अस्वलाच्या चरबीच्या नावाखाली ४४७ डॉलर ५० सेंट

ठासणीच्या रायफलीचा नाद असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. नसेल तर हसून घ्या, घरचे हसलेच आहेत.

इकडे अमेरिकेत ठासणीवाल्यांचे मेळावे भरतात. कातडी कपडे, तंबू, शेकोट्या, सगळा जुना थाट. तिथे एका तंबूत एक गृहस्थ पॅचचं, म्हणजे गोळीभोवती गुंडाळून नळीत ठासायच्या कापडाच्या तुकड्याचं, वंगण विकत होता. अस्वलाची शुद्ध चरबी आणि मेण, आजोबांची कृती वगैरे. १२ डॉलरची छोटी डबी घेतली. ती डबी अस्सल होती, हे मी आजही सांगेन. माझी ५० कॅलिबरची रायफल, ०.४९० इंची गोळी, ०.०१५ इंच जाडीचा सुती पॅच. गोळ्या एकमेकींना खेटून बसल्या. उडालेले पॅच गवतातून वेचून पाहिले तर मधोमध काळे आणि कडा शाबूत. आधी माल चांगला दाखवायचा आणि मग गंडवायचं, ही रीत कोणाला माहीत नाही? पण निशाणाचा कागद हातात असताना माणूस कागदावर विश्वास ठेवतो.

मग फोनवरून ‘पूर्ण संच’ मागवला. वंगणाच्या आणि नळी ‘मुरवायच्या’ द्रावणाच्या बाटल्या मिळून १८९ डॉलर. वर्षभराच्या पुरवठ्याचे आगाऊ २४०. टपालखर्च १८.५०. पैसे ‘मित्राला पाठवतो’ या पर्यायातून पाठवा, म्हणजे मला कमिशन पडणार नाही, असं तो म्हणाला. मेळाव्यात शेजारी बसून कॉफी प्यालेला माणूस, म्हणून पाठवले. तुम्ही पाठवू नका. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं.

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं तो सांगतो, कारण तो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. बाटली उघडताना थोडं वंगण बोटांवर सांडलं. नळाखाली हात धरला तर बेसिनमध्ये पांढरंशुभ्र दूध वाहायला लागलं. अहो, चरबी पाण्यावर तरंगते, तिचं असं दूध होत नाही. दूध होतं ते पाण्यात मिसळणाऱ्या तेलाचं, लेथवर धातू कापताना वापरतात तसल्या. पाचसहा भाग पाणी आणि एक भाग तसलं तेल हे मिश्रण ठासणीवाले स्वतः घरी करतात, पॅचला लावतात, नळी पुसायलाही वापरतात. वस्तू वाईट नाही. पण ती अस्वल म्हणून विकायची?

मी गप्प बसलो नाही, लगेच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘जुने लोक चरबीत राखेचं पाणी घालायचे, म्हणून विरघळते.’ राखेचं पाणी आणि चरबी मिळून साबण होतो हे खरंच आहे. म्हणजे उत्तर अगदीच खुळचट नव्हतं. रसायन न शिकलेल्याला पटलं नसतं, मला पटलं.

पैशापेक्षा मोठा घाव नळीवर बसला. संचातल्या कागदावर लिहिलं होतं: गरम पाणी आणि साबण कधीही वापरू नका, बिडाच्या तव्यासारखी मुरलेली नळी खराब होते, आमच्या द्रावणाचा एक पॅच फिरवा, बस्स. बिडाचा तवा मुरतो, रायफलीची पोलादी नळी तशी मुरत नाही. काळी दारू, म्हणजे बंदुकीत भरायची पूड, जळली की निम्म्याहून जास्त भाग घन मळ म्हणून मागे राहतो. त्यातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. ते पाण्यात विरघळतात, म्हणून पाण्यानेच धुवायचे असतात. काळ्या दारूऐवजी मिळणारी पायरोडेक्स पूड वापरत असाल तर त्यात परक्लोरेट असतं, त्याचा मळ नळी आणखी गंजवतो, मग धुण्यात अजिबात चालढकल नको. मी ओला पॅच फिरवून ठेवत गेलो, म्हणजे क्षारही आत आणि पाणीही आत. पुढच्या वेळी गजाला कोरडा पॅच लावून घातला तो विटकरी होऊन आला. दिवा टाकून पाहिलं तर ब्रीचजवळ, म्हणजे नळीच्या मागच्या बंद टोकाशी, दारू बसते नेमकी तिथे, गंजाने खड्डे पडलेले. त्या नळीतून पॅच फाटूनच बाहेर पडायला लागले. नवी नळी ३१० डॉलर. एकूण ७५७ डॉलर ५० सेंट.

आणि तक्रार? पैसे पाठवणारं अॅप म्हणतं, तुम्ही मित्राला भेट दिलीत. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. पोलिसांना ‘रायफल’ म्हटल्यावर जरा जाग आली, पण ठासणीची आहे कळताच ती संघराज्याच्या कायद्यात ‘फायरआर्म’च धरत नाहीत, असं मला समजावलं. अहो, मी बंदुकीची नाही, बाटलीची तक्रार करतोय! ग्राहक कार्यालयाने फॉर्म पाठवला. त्यात ‘उत्पादनाचा प्रकार’ या रकान्यात सौंदर्यप्रसाधने होती, खाद्यपदार्थ होते, वंगण नव्हतं. मी ‘इतर’वर खूण केली. ‘इतर’चा विभाग वेगळा असल्याचं पत्र आलं. त्या विभागाने विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?

बाटलीवर घटक लिहिलेले नसतील आणि विक्रेता सुरक्षा माहितीपत्रक देत नसेल तर तिथूनच परत फिरा. चरबी म्हणून काही घेतलंत तर आधी वाटीभर पाण्यात थेंब टाका. शिकारीला भरलेली बंदूक तासन्‌तास वागवायची असेल तर पाणीदार वंगण नकोच, दारू ओली होते. तिथे घट्ट चरबी-मेणच बरं. साफसफाईला गरम पाणी, भांडी घासायचा साबण, मग नळी पूर्ण कोरडी करून तेलाचा हात. पुन्हा भरण्याआधी ते तेल पुसून काढा. आणि हो, ‘स्पर्म व्हेलचं खरं तेल’ म्हणून कोणी काही पुढे केलं तर तो खोटं तरी बोलतोय नाहीतर बेकायदा माल तरी विकतोय, १९७० च्या दशकापासून त्या विक्रीवर इथे बंदी आहे.

त्याच ‘इतर’ विभागातल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं की अशाच आणखी तक्रारी आल्या तर फाइल पुन्हा उघडता येईल. अस्वलाचं चित्र आणि हिरवं झाकण असलेली बाटली कोणाकडे असेल तर फेकू नका. लेबलचा आणि पैसे पाठवल्याच्या नोंदीचा फोटो काढा आणि तक्रार टाका. रकान्यात ‘इतर’ लिहा.