केंटकीतलं क्रिएशन म्युझियम आणि नोहाचं तारू: बघावं, पण त्याखालचा खडकही बघावा

सिनसिनाटीच्या विमानतळावर उतरलं की आपण ओहायोत नसतो, केंटकीत असतो. तिथून पश्चिमेला मोटारीने जेमतेम पंधरा मिनिटांवर, २७५ क्रमांकाच्या हायवेच्या ११ नंबर एक्झिटला क्रिएशन म्युझियम आहे. दक्षिणेला पाऊण तासावर विल्यम्सटाउनला, ७५ क्रमांकाच्या हायवेवर १५४ नंबर एक्झिटला बायबलातल्या प्रलयकथेतल्या नोहाचं पूर्णाकृती तारू उभं आहे. दोन्ही ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेची. म्युझियम २८ मे २००७ ला उघडलं, तारू ७ जुलै २०१६ ला. संस्थेचं म्हणणं असं: पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची आहे, देवाने ती चोवीस तासांच्या सहा दिवसांत निर्माण केली, आणि आज सापडणारे बहुतेक जीवाश्म एका वर्षाच्या जागतिक प्रलयात गाडले गेलेल्या प्राण्यांचे आहेत.

ओहायो-केंटकीत मुलांकडे आलेले आपले लोक आठवड्याच्या शेवटी कुठे जायचं म्हणून ही दोन ठिकाणं शोधतात. त्यांना सल्ला एकच: जरूर जा, पण त्याला जोडून अर्धा दिवस जीवाश्मांसाठी ठेवा. त्याशिवाय या भेटीतून निम्मंच हाती लागतं.

आधी व्यवस्थेचं. म्युझियमला पाच तास धरा, तारवाला तीन ते चार. एकाच दिवशी दोन्ही केलं तर दुसऱ्या ठिकाणी पाट्या वाचायची ताकद उरत नाही, आणि इथे खरा माल पाट्यांवरच आहे. एकत्र तिकीट सुट्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. तारवाकडे पार्किंगचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि पार्किंगपासून तारवापर्यंत त्यांची बस नेते. त्या येण्याजाण्याचा वेळ हिशेबात धरा. आत तिन्ही मजले उतारवाटांनी जोडलेले आहेत, लिफ्टही आहे. व्हीलचेअरवरच्या आजी-आजोबांना अडचण येत नाही. शाकाहारी माणसाने सकाळी पोटभर खाऊन निघावं, हे उत्तम.

म्युझियमची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. सुरुवातीच्याच दालनात दोन शास्त्रज्ञांचे पुतळे एकाच डायनासोरचा सांगाडा उकरताना दिसतात. एक म्हणतो हा लाखो-कोटी वर्षांपूर्वीचा, दुसरा म्हणतो प्रलयातला. सांगायचं हे की पुरावा एकच आहे, फक्त सुरुवातीची गृहीतकं वेगळी. पुढचं सगळं म्युझियम या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून इथे दहा मिनिटं थांबा. पुढे एदेन बाग येते, आदाम-हव्वा येतात, त्यांच्याच बागेत डायनासोर हिंडतात, मग पतन (म्हणजे आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडली तो प्रसंग), प्रलय, बाबेलचा मनोरा आणि शेवटी ख्रिस्ताचा क्रूस. हलते पुतळे, प्रकाश, झाडं यांचं काम पहिल्या दर्जाचं आहे. ‘एबेनेझर’ नावाचा ॲलोसॉरस हा अस्सल जीवाश्म आहे. त्याची कवटी एवढी चांगली टिकली आहे की केवळ तिच्यासाठी एखादा जीवाश्मप्रेमी तिकीट काढील.

सहा दिवसांवर एवढा भर का, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला चटकन कळत नाही. हा वाद नुसत्या वर्षांच्या आकड्याचा नाही. बायबलातल्या ‘रोमकरांस पत्र’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. म्युझियमच्या तर्काप्रमाणे मरण हे आदामाच्या पापाचं फळ आहे आणि ख्रिस्ताचा क्रूस त्यावरचा उपाय. आता जीवाश्म म्हणजे मेलेले प्राणी. काहींच्या हाडांवर चावे आहेत, काहींत रोगाच्या खुणा आहेत. ते आदामाच्या आधीचे ठरले, तर मरण पापाच्या आधीचं ठरतं आणि मग क्रूसाचा अर्थच डळमळतो, अशी त्यांची धास्ती आहे. म्हणूनच पतनापूर्वी सगळे प्राणी शाकाहारी होते असं इथे सांगितलेलं दिसतं. हा दुवा ध्यानात घेऊन फिरलात तर प्रत्येक दालन का आहे ते समजतं, आणि ही माणसं किती मनापासून बोलताहेत तेही समजतं.

पण हे सगळ्या ख्रिस्ती धर्माचं मत नाही, आणि ते म्युझियममध्ये पुरेसं कळत नाही. ही माझी सर्वांत मोठी तक्रार. पृथ्वी पुरातन आहे आणि सगळे थर एका प्रलयाने घातलेले नाहीत, हे डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या कितीतरी आधी धर्मोपदेशक भूशास्त्रज्ञांनीच मान्य केलं होतं. ॲडम सेज्विक हे केंब्रिजचे प्राध्यापक आणि दीक्षित पाद्री. १८३१ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपलं आधीचं प्रलयाचं मत जाहीरपणे मागे घेतलं. हेच सेज्विक पुढे उत्क्रांतीचे कट्टर विरोधक राहिले, म्हणजे ते डार्विनच्या प्रभावाखाली बोलले असंही म्हणता येत नाही. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच मांडली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत नुसत्या गृहीतकाच्या पुढे गेला आहे असं सांगितलं. ‘देव की उत्क्रांती’ अशी दोनच दारं आहेत असं समजून मूल बाहेर पडलं, तर त्याची श्रद्धाही अडचणीत येते आणि विज्ञानही.

दालनांतला सर्वांत कच्चा भाग म्हणजे ‘लूसी’. १९७४ मध्ये इथिओपियात सापडलेला हा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा. इथल्या पुतळ्यात ती हाताची बोटं मुडपून, त्यांच्या पेरांवर भार देत चालणारी वानर दाखवली आहे. पण तिचा कंबरेचा भाग रुंद आणि वाडग्यासारखा आहे, आणि मांडीचं हाड गुडघ्याकडे आत कलतं. हे दोन पायांवर चालणाऱ्याचं लक्षण, कारण पावलं शरीराच्या मध्यरेषेखाली यावी लागतात. टांझानियात लाएटोलीला राखेत उमटलेले साडेछत्तीस लाख वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे आहेत. तिथे दोन पायांच्या पावलांच्या रांगा आहेत, हाताची पेरं टेकल्याची खूण नाही. एकाच पुराव्याकडे दोन दृष्टींनी पाहायचं असेल, तर आधी तो पुरावा पूर्ण दाखवला पाहिजे. तारांगणातही हाच प्रश्न उभा राहतो. देवयानी आकाशगंगेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. सहा हजार वर्षांच्या विश्वात तो कसा पोहोचला याला समाधान देणारं उत्तर तिथे मिळत नाही.

आता तारू. मराठी बायबलात तारवाची मापं हातांत आहेत: तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. इथे एक हात २०.४ इंचांचा धरून ५१० फूट लांब, ८५ फूट रुंद, ५१ फूट उंच अशी लाकडी वास्तू बांधली आहे. आतले ओंडके, सांधे, गाळे डोळे भरून बघण्यासारखे आहेत. लाकूडकामाची आवड असलेल्या माणसाने तर छताकडे बघत चालावं. ही इमारत आहे, जहाज नाही. ती काँक्रीटच्या पायावर उभी आहे आणि तिच्या पाठीला जिने-स्वच्छतागृहांचे पक्के मनोरे जोडलेले आहेत. एवढं लांब लाकडी जहाज समुद्रात का टिकत नाही, हे माणसाने अनुभवाने शिकलेलं आहे. १९०९ मध्ये मेन राज्यात बांधलेलं ‘वायोमिंग’ हे शिडाचं जहाज, सुमारे ३३० फुटी सांगाड्याचं. लोखंडी पट्ट्यांनी जखडूनही लाटांवर त्याच्या फळ्या सरकत, सांधे उघडत, आणि पाणी सतत पंपाने उपसावं लागे. १९२४ मध्ये ते सगळ्या खलाशांसह बुडालं.

सर्वांत जास्त वेळ द्या तो प्राण्यांच्या ‘मूळ जातीं’च्या पाट्यांना. जगातली प्रत्येक प्रजाती तारवात मावणार नाही, हे संस्थेला मान्य आहे. म्हणून सुमारे १,४०० मूळ जाती आणि एकूण सात हजारांच्या आत प्राणी, असा त्यांचा हिशेब. सिंह, वाघ, बिबट्या, घरची मांजर हे एका जोडीचे वंशज; लांडगा, कोल्हा, कुत्रा हे दुसऱ्या. आता कागद-पेन्सिल काढा. आज सस्तन प्राण्यांच्या सहा हजारांवर प्रजाती आहेत, पक्ष्यांच्या दहा हजारांवर, सरपटणाऱ्यांच्या अकरा हजारांवर, उभयचरांच्या आठ हजारांच्या आसपास. मिळून पस्तीस हजार धरू. त्यांच्या कालगणनेत प्रलयाला सुमारे ४,३०० वर्षं झाली. म्हणजे दर वर्षी सरासरी सात-आठ नव्या प्रजाती, एकही वर्ष न चुकता. प्रत्यक्षात हा वेग याहून कितीतरी जास्त हवा, कारण प्राचीन इजिप्तच्या चित्रांतले आणि ममी करून ठेवलेले पक्षी-प्राणी आजच्यासारखेच आहेत. जे काही बदललं ते त्याआधीच्या थोड्या शतकांत बदलायला हवं. उत्क्रांतीचा कुठलाही अभ्यासक एवढ्या वेगाचा दावा करत नाही. उत्क्रांती नाकारण्यासाठी उभारलेल्या तारवाला चालायला इतकी भरधाव उत्क्रांती लागते, हे इथे गेलेल्या प्रत्येकाने स्वतः मांडून बघावं. दुसरा हिशेब माणसांचा. नोहाच्या कुटुंबातली आठ माणसं आणि सात हजारांच्या आत प्राणी. बारा तास अखंड राबलं तरी एका प्राण्याच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. त्यासाठी आपोआप चारा-पाणी देणाऱ्या रचना दाखवल्या आहेत. त्या कल्पक आहेत, पण उत्पत्तीच्या पुस्तकात त्यातलं काही नाही.

म्युझियमच्याच सभागृहात ४ फेब्रुवारी २०१४ ला संस्थेचे संस्थापक केन हॅम आणि विज्ञानप्रसारक बिल नाय यांचा जाहीर वाद झाला. तुमचं मत कशाने बदलेल, हा त्यातला कळीचा प्रश्न. हॅम यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की देवाचं वचन खोटं आहे हे त्यांना कुणी पटवून देऊ शकणार नाही. नाय म्हणाले, पुरावा दाखवा, बदलतो. संस्थेचा विश्वासांगीकारही (श्रद्धेचं लेखी निवेदन) तेच स्पष्ट सांगतो: पवित्र शास्त्राच्या विरुद्ध जाणारा कुठलाही पुरावा ग्राह्य नाही. त्यामुळे पहिल्या दालनातल्या त्या दोन शास्त्रज्ञांची गृहीतकं एकाच दर्जाची नाहीत. एकाचं गृहीतक रोज पणाला लागतं. मासे आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मिळायला हवा असं ठरवून शास्त्रज्ञ कॅनडाच्या एल्समिअर बेटावर शोधत राहिले, आणि २००४ मध्ये ‘टिक्टालिक’ सापडला. तो सापडला नसता, किंवा भलत्याच थरात सापडला असता, तर अडचण त्यांची होती.

‘तुम्ही तिथे होतात का?’ हा प्रश्न हॅम मुलांना शास्त्रज्ञांना विचारायला शिकवतात. आपल्याला तो नवा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुठे पाहिलं, अशा अर्थाचं विधान केलं होतं आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना त्यावर संयुक्त निवेदन काढावं लागलं होतं. धर्म वेगळा, पण प्रश्न तोच.

त्याचं उत्तर म्युझियमच्या पायाखाली आहे. हा सगळा परिसर सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ होता. सिनसिनाटीच्या उत्तरेला शॅरनव्हिलमध्ये ट्रॅमल फॉसिल पार्क आहे: दहा एकरांचा उघडा उतार, प्रवेश फुकट, सापडलेलं घरी नेता येतं. सावली नाही, म्हणून टोपी आणि पाणी हवं, घसरणार नाहीत असे बूट हवेत. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, शेल (चिखलाचा ठिसूळ, पापुद्र्यांचा खडक) धुऊन निघालेला असतो आणि कवचं वर येतात. गुडघ्यावर बसा, मोठे दगड फोडण्याच्या नादाला लागू नका, सुटा चुरा हाताने निवडा. शिंपल्यासारखे ब्रॅकिओपॉड, काटक्यांसारखे ब्रायोझोआ आणि क्रायनॉइडच्या (समुद्री लिलीच्या) देठाच्या मण्यांसारख्या चकत्या तासाभरात ओंजळभर मिळतात. अख्खा ट्रायलोबाइट (खेकड्या-कीटकांचा नामशेष सागरी नातलग) मिळणं नशिबाचं, तुकडे मात्र मिळतात. ओहायोतल्या सीझर क्रीक तलावापाशीही असंच गोळा करता येतं, पण तिथे आधी फुकटचा परवाना घ्यावा लागतो, हत्यारं चालत नाहीत आणि तळहातात मावेल एवढंच नेता येतं.

हातातल्या दगडाकडे नीट बघा. चुनखडीचा पातळ थर, मग शेल, मग पुन्हा चुनखडी. काही थरांत किड्यांची बिळं आहेत. काही ठिकाणी समुद्रतळ आधी कडक खडक झाला, मग त्याला प्राण्यांनी भोकं पाडली, मग त्यावर दुसऱ्यांनी वसाहती केल्या, आणि त्यानंतर वर गाळ बसला. उत्तर केंटकीत असे तळ एकावर एक आहेत. सगळं ढवळून काढणाऱ्या एका वर्षाच्या प्रलयात दर थराला शांतपणे वाढायला वेळ कुठून मिळाला? आणि या सगळ्या थरांत एक पक्षी नाही, एक खेकडा नाही, एक फूल नाही. आपल्या घाटातही काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, उन्हापावसात झिजून त्याची माती झाली, मग दुसरा आला. मुंबईत वरळीला अशाच दोन लाव्हांच्या मधल्या गोड्या पाण्याच्या थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत.

हातात एकच दिवस असेल तर तारू सोडा. सकाळी म्युझियम करा आणि दुपारी त्याच परगण्यातल्या बिग बोन लिक या सरकारी उद्यानात जा. प्रवेश फुकट आहे, आणि मुलांना बघायला जिवंत बायसनांचा कळपही. खारट झऱ्यांपाशी आलेले मॅस्टोडॉन, मॅमथ (दोन्ही हत्तीचे नामशेष नातलग) आणि महाकाय स्लॉथ इथल्या चिखलात रुतून मेले. १८०७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांनी संशोधक-प्रवासी विल्यम क्लार्क यांना इथे हाडं गोळा करायला पाठवलं होतं. निसर्गात कुठलाही प्राणी कायमचा नाहीसा होत नाही, अशी जेफरसन यांची समजूत होती. पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ कूव्हिए यांनी मात्र अशाच हाडांवरून दाखवून दिलं की असा प्राणी आता पृथ्वीवर कुठेच उरलेला नाही. झऱ्यांकडची पायवाट सपाट आहे, पाऊण तासात होते.